आवारात न शिरलेली गाडी

४ मार्च, मंगळवार

वार्ताहराने रोजनिशी लिहिणं म्हणजे आचाऱ्याने घरी येऊन पुन्हा चूल पेटवणं, असं मी आजवर म्हणत आलो. दिवसभर दुसऱ्यांच्या घडामोडी लिहिल्यावर स्वतःच्या लिहायला उरतं कोण? ही वही कार्यालयाने जानेवारीत वाटली, तेव्हापासून तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला होतो. पहिल्या पानापर्यंत गोल डाग उमटलाय. पण आज राग आलाय आणि तो छापण्याजोगा नाही.

ताईला जिभेचा कर्करोग आहे. डाव्या कडेला. तिला नोव्हेंबरपासून माहीत आहे. मला आज दुपारी कळलं.

भाचीचा फोन आला. "मामा, गुरुवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. तू येशील का?" मी विचारलं, कशाला?  ती म्हणाली, "म्हणजे तिने अजून तुलाही नाही सांगितलं? मलाही परवाच सांगितलं."

चार महिने! या शहरात कुठल्या गल्लीत पाण्याची वाहिनी फुटली तरी मला तासाभरात कळतं. आणि सख्ख्या बहिणीच्या तोंडात काय वाढतंय ते कळायला चार महिने. उत्तम वार्ताहर. पदक द्या कोणीतरी.

६ मार्च, गुरुवार

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण रागावण्यात माझ्याहून ज्येष्ठ निघाले. ताईला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, बोटाने गाठ चाचपली, मानेखाली दाबून पाहिलं आणि हातमोजे काढून टोपलीत असे फेकले की टोपली हलली.

"नोव्हेंबरात दीड सेंटिमीटर होती," ते म्हणाले. "बारा डिसेंबरची तारीख दिली होती तुम्हाला. कडेचा तुकडा काढला असता, महिन्याभरात बोलायला लागला असतात. आदल्या दिवशी फोन करून तुम्ही तारीख रद्द केलीत. आता चार सेंटिमीटर आहे आणि मानेत गाठ उतरलीय. अर्धी जीभ जाईल. मांडीची कातडी घेऊन नवी बांधू, पण ती जीभ म्हणजे फक्त मांस असेल. पूर्वीसारखं बोलता येणार नाही. का रद्द केलीत?"

ताईने रुमालाने ओठ पुसले. "थांबावं असं वाटलं. वाचलं होतं कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंतरी." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू काय बघतोयस? पाणी दे."

मी पाणी दिलं. अर्धं माझ्याच बुटावर सांडलं.

कुठंतरी! हे 'कुठंतरी' मला चांगलं ठाऊक आहे. फोनवर फिरणारे संदेश. मुळ्या, काढे, लिंबाच्या साली. एखादा स्वयंघोषित धन्वंतरी. माझ्या बहिणीची अर्धी जीभ कोणीतरी खाल्ली आणि वर ढेकर दिली. मी त्याला शोधणार. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी माणसं शोधली, एक आपल्यासाठी.

२० तारखेला शस्त्रक्रिया ठरली.

७ मार्च, शुक्रवार

आज चौघांनी विचारलं, "तंबाखू खायच्या का हो?" चौघांनीही चेहरा तोच केला: दुःखी, पण समाधानी. ताईने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. एक दाढ तुटून धारदार झाली होती, ती वर्षानुवर्षं जिभेला घासत राहिली, असं डॉक्टर म्हणाले, तेही 'कदाचित' लावून. पण लोकांना पाप हवं असतं. पाप नसेल तर रोग त्यांच्याही घरी येऊ शकतो ना.

पाचव्याला मी सांगितलं, "हो, रोज पावशेर. तुमच्याच दुकानातून." त्याचं दुकान चपलांचं आहे.

९ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. ती शर्टाला इस्त्री करत होती, उद्या कामावर जायचंय म्हणून. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे माईकसमोर बसून ती पंचवीस वर्षं गाड्या सांगतेय. "फलाट क्रमांक चारवर येत आहे..." आवाज असा की पेंगणारा माणूसही आपलं सामान चाचपतो. एकेक अक्षर धुऊन, पिळून, दोरीवर टाकलेलं. ते वडिलांमुळे. ते शाळेत संस्कृत शिकवायचे आणि घरी आम्हा दोघांना. एक ओळ ते म्हणणार, आम्ही तीनदा म्हणायची. एक अक्षर घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. मी व्याकरणात पुढे होतो, उच्चारात ती. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा, ती सोळाची. माझ्या डब्यापासून माझ्या विसर्गांपर्यंत सगळं तिने पाहिलं. त्याच तोंडात आता हे.

मी चिडून विचारलं, "कोणी सांगितलं तुला थांबायला?"

"सोड ना."

"त्याचं नाव सांग फक्त."

"नाव घेऊन काय करणार आहेस? पहिल्या पानावर फोटो?"

"हो!"

ती हसली. हसताना आता डाव्या बाजूने लाळ येते. तिने ती पुसली आणि विषय बदलला. आगारात नवा कंट्रोलर आलाय म्हणे, उत्साही. गाडी मागच्या गावातून सुटली असा फोन आला की तिला म्हणतो, 'बाई, सांगून टाका येत आहे म्हणून, लोक सुखावतील.' ताई म्हणाली, "मी त्याला सांगितलं, गाडीचं तोंड आवारात शिरताना माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी 'येत आहे' म्हणत नाही. वाटेत टायर फुटलं तर? ऊन डोक्यावर घेऊन उभे राहिलेल्या माणसांना सुखावलेलं परत काढून घेता येतं का?"

मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि तिने पुन्हा माझ्याकडे तसंच पाहिलं, दवाखान्यात पाहिलं होतं तसं. इस्त्री शर्टावर थांबली होती. कॉलर जराशी पिवळी पडली.

विशेष म्हणजे याच रोगावर मी डिसेंबरात रविवार पुरवणीत मोठा लेख लिहिला होता. इथल्याच प्रयोगशाळेतलं काम. गाठ आपल्याभोवती असं काही पसरवते की शरीराच्या लढणाऱ्या पेशी तिच्याजवळ येऊन पेंगतात. तर निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक बसवायचं आणि सुईने गाठीत सोडायचं. मग गाठीतल्याच पेशी असा संदेश बाहेर टाकू लागतात की पेंगणाऱ्या पेशी जाग्या होऊन तिच्यावर तुटून पडतात. शत्रूच्या बुरुजावरून शत्रूलाच नगारा वाजवायला लावायचा! हे वाक्य मला फार आवडलं होतं. ताईचाही फोन आला होता त्या दिवशी, कौतुकाला.

आणि तो उपचार अजून उंदरांतच आहे. ताईला हवा तेव्हा तो उंदरांना मिळतोय, याचाही मला राग येतो. उंदरांचं मी स्पष्ट लिहिलं होतं, शेवटच्या परिच्छेदात. माझं काम पक्कं असतं. छापून आलेलं मी पुन्हा वाचत नाही, वाचलं की दुसऱ्यांनी केलेल्या चुका दिसतात.

११ मार्च, मंगळवार

संशयित क्रमांक एक: बसस्थानकाच्या फाटकाशी बसणारा मुळ्या-सालींवाला. भाची म्हणाली होती की आई येता-जाता त्याच्याशी बोलायची. एवढा पुरावा मला पुरला. गेलो आणि भर गर्दीत त्याच्यावर ओरडलो. माझ्या तोंडून 'नराधमा' हा शब्द बाहेर पडला. संस्कृत शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत, शिवी देतानाही समास सुटत नाही. लोक भाषण आहे असं समजून थांबले.

म्हातारा शांतपणे पुड्या आवरत राहिला. मग म्हणाला, "साहेब, बाईंनी तोंड दाखवलं तेव्हा मीच म्हटलं, माझ्याकडे याचं काही नाही, डॉक्टरकडे कापून घ्या. दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, कापायला नको, सुई येतेय."

"कसली सुई? कोणाची?"

"ते मला काय ठाऊक? लिहून आलंय म्हणाल्या. शिकलेल्या बाई, मी काय वाद घालणार?"

मी माफी मागितली. त्याने बडीशेपेची पुडी हातात ठेवली. "राग पोटात गेला की गॅस होतो," म्हणाला.

कसली सुई? परदेशी जाहिरात असावी. भाचीला फोन केला, तर ती वैतागली. "मामा, शोधू नकोस ना. काय मिळणारेय?"

"गुन्हेगार मिळणार आहे."

"आणि मिळाल्यावर तू काय करशील?"

"फाडून खाईन."

 ती म्हणाली, "जेवलास का?"

या घराण्यातल्या बायकांना विषय बदलण्याचं बाळकडूच मिळतं. असो. कर्ता सापडल्याशिवाय मी वाक्य सोडत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सुई म्हटल्यावर सुयांचं जाणणाऱ्या माणसाला विचारावं, म्हणून आज प्रयोगशाळेत गेलो. डिसेंबरात मुलाखत दिलेल्या बाई तिथेच होत्या. तेव्हा त्यांनी चहा दिला होता. आज खुर्चीही दिली नाही.

मी म्हटलं, "बाई, तोंडाच्या कर्करोगावर सुई येतेय असं सांगून लोकांना फसवणारं कोणी बाजारात आहे का? माझ्या बहिणीने त्यापायी शस्त्रक्रिया तीन महिने लांबवली."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि फळीवरून एक जाड वही काढून टेबलावर आदळली.

"एकशे चौदा," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेखानंतर आलेले फोन. कधी यायचं, कुठल्या दाराने यायचं, उपाशीपोटी यायचं का. आमच्या कार्यालयातल्या मुलीला काय सांगावं कळेना, तिने नंबर लिहून घेतले आणि 'कळवू' म्हणाली. ते आमचं चुकलं, मी नाकारत नाही. मला ही वही फेब्रुवारीत दिसली, तेव्हापासून एकेकाला फोन करतेय, काम सांभाळून. शेवटून सुरुवात केली, म्हटलं नवे असतील त्यांना तरी वेळेत थांबवू. पण मी तुम्हाला मुलाखतीत काय सांगितलं होतं? अकरा उंदीर. सातांची गाठ लहान झाली, त्यातल्या दोघांची परत वाढली. माणसावर पहिली चाचणी व्हायला परवानगी मिळाली तरी तीन वर्षं. आणि म्हटलं होतं, हे सगळ्यात आधी लिहा."

"लिहिलंय मी. शेवटच्या परिच्छेदात."

त्यांनी खणातून कात्रण काढलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं. मथळा माझाच: 'निद्रिस्त सेना जागी होणार! तोंडाच्या कर्करोगावर जनुकीय उपचार दृष्टिपथात'. बुरुज होता, नगारा होता. नगाऱ्यापाशी लेख संपत होता. खाली पुस्तकांच्या कपाटांची जाहिरात.

शेवटचा परिच्छेद नव्हता.

मी वही ओढून घेतली. काहीतरी करायचं म्हणून, बाईंच्या डोळ्यांत बघायला नको म्हणून. पहिलं पान. क्रमांक एक. ९ डिसेंबर, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. कार्यालय उघडून पाच मिनिटं झाली असतील. पुढे दहा आकडे. हा नंबर मला वाचावा लागत नाही, माझी बोटं तो आपोआप दाबतात.

शेऱ्याच्या रकान्यात त्या मुलीने लिहिलं होतं: 'फार स्पष्ट बोलतात. थांबायला तयार आहेत.'

१५ मार्च, शनिवार

कर्ता सापडला.

१६ मार्च, रविवार

ताईने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "कळलं वाटतं. चप्पल काढून ये."

भाची आत होती, ती उठून बाल्कनीत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं, नाव छापून आलेल्या माणसाला सोडून.

मी म्हटलं, "तू मला एकदा विचारायचंस तरी."

आणि ताई भडकली. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. बोलताना तिला दुखतं, दर वाक्याला ती डोळे मिटत होती, पण थांबली नाही.

"विचारलं नाही? रविवारी पेपर आला आणि सकाळी आठला तुला फोन केला. म्हटलं, हे खरं ना रे? तू काय म्हणालास?"

मला आठवलं. इतके दिवस आठवत नव्हतं असं नाही, आठवायची सवय नव्हती. मी म्हणालो होतो, 'वर नाव माझं आहे, खोटं कसं असेल?' आणि मग 'नगारा कसा वाटला?'

"पंचवीस वर्षं," ताई म्हणाली. "पंचवीस वर्षांत न आलेली गाडी मी एकदाही 'येत आहे' म्हटली नाही. कारण लोक उभे राहतात रे. कडेवर पोरं घेऊन, पायाशी गाठोडी ठेवून. 'येत आहे' म्हटलं की माणसाचा पाय दुसरीकडे वळत नाही. तू म्हणालास दृष्टिपथात. मी उभी राहिले. माझी जीभ आहे ती! कापा म्हणून कोण पुढे करेल, जर माझाच भाऊ सांगतोय की गाडी दिसतेय?"

"मग निदान आजार तरी सांगायचास."

"सांगितलं असतं तर तू रडत बसला असतास. मला तुझं रडं आवरायला वेळ नव्हता. वाटलं, दोन महिन्यांत सुई मिळेल, बरी होईन, मग सांगेन. तुझ्या लेखाने बरी झाले म्हणून. तू नाचला असतास." तिने श्वास घेतला. "आणि दवाखान्यात तुला तारखेचं कळलं तेव्हा वाटलं, आता तरी याच्या लक्षात येईल. तर हा निघाला गुन्हेगार शोधायला. मुळ्यावाल्याला शिव्या देऊन आलास? तो बिचारा मला रोज विचारतो, कधी कापताय."

मी रडलो. ती म्हणाली ते खरं निघालं. तिने खांद्यावर हात ठेवला नाही. बरोबरच होतं. टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "त्या वहीत आणखी किती आहेत?"

"एकशे तेरा."

"मग इथे बसून काय करतोयस?"

१७ मार्च, सोमवार

आमच्या मुख्य उपसंपादकाला सगळे कात्री म्हणतात. तोही स्वतःला तसंच म्हणवतो. मी आज त्याच्या टेबलावर दोन्ही हात आपटले, कप उडाला.

"शेवटचा परिच्छेद का कापलास?"

त्याने संगणकावर आठ डिसेंबरचं पान काढलं. "कपाटांची जाहिरात ऐनवेळी आली. दहा ओळी बसेनात."

"त्यात उंदीर होते!"

"मग उंदीर खाली कशाला ठेवलेस?" कात्री ओरडला. त्याचाही आवाज मोठा आहे. "वीस वर्षं तू माझ्या हाताखालून जातोयस. मी कुठून कापतो तुला माहीत नाही? खालून! जगातला प्रत्येक कापणारा खालून कापतो. जे जायला चालेल ते खाली ठेवतात, हे नव्या पोरांना तूच शिकवतोस. तुला नगारा वर हवा होता. उंदीर आले असते तर नगारा वाजला नसता. खरं सांग."

मी खरं सांगितलं नाही. पण इथे लिहितो. लेख पाठवताना मला जाहिरातीचं माहीत नव्हतं, पण जाहिरात येऊ शकते हे माहीत होतं. एक क्षण वाटलं होतं, उंदीर वर घ्यावेत. मग वाटलं, मथळा मरेल. मथळ्याला वाचवलं.

खुलासा छापायचा म्हटल्यावर कात्री म्हणाला, "तीन महिन्यांनी? कोण वाचणार?" मी म्हटलं, "एकशे तेरा जण." तो बराच वेळ पान वर-खाली करत राहिला. शेवटी म्हणाला, "रविवारी. पहिल्या पानावर. पण चार ओळींत लिही, एकही जायला चालेल अशी नको."

१९ मार्च, बुधवार

ताई आज शेवटचं कामावर गेली. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, तिने ऐकलं नाही. मी फलाट चारवरच्या बाकावर बसलो. खिडकीची काच मळकी आहे, तिचा फक्त खांदा दिसत होता.

सहकाऱ्यांनी पेढे-बिढे काही आणले नव्हते, तिने आधीच दम दिला होता. नवा कंट्रोलर खिडकीशी घुटमळत होता. साडेचारची गाडी आली नव्हती. फलाटावर चाळीसेक माणसं, एक बाई झोपलेल्या मुलाला दोन्ही हातांवर धरून. पाच वाजले. कंट्रोलर खिडकीत वाकून काही बोलला, बहुधा तेच, सांगून टाका. खांदा हलला नाही.

मग ध्वनिक्षेपक खरखरला. आवाज जाड झाला होता, 'स' जरा घसरत होता. वडिलांनी पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं. पण एकेक शब्द वेगळा ऐकू आला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. साडेचारची गाडी रद्द झाली आहे. ती आज येणार नाही. कोणीही तिची वाट पाहू नये. फलाट दोनवरची गाडी त्याच रस्त्याने जाते, वेळ जास्त लागेल, पण ती उभी आहे. तिने जावे."

लोक चरफडले. एकाने खिडकीकडे बघून शिवी दिली. पण दोन मिनिटांत फलाट रिकामा. मुलाला धरलेली बाई दोनवरच्या गाडीत चढताना मी पाहिली.

तिने माईक बंद केला आणि बाहेर आली.  

२० मार्च, गुरुवार

आठ तास. भाची आणि मी समोरासमोर लोखंडी खुर्च्यांवर. आत जाण्याआधी ताईने दोन कागदांवर सही केली. एक शस्त्रक्रियेचा. दुसरा प्रयोगशाळेच्या बाई घेऊन आल्या होत्या: काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याबद्दल. त्या ताईला म्हणाल्या, "याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही. तुम्हाला. हे मी आधी सांगते." ताईने मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याला लिहून द्या."

ती तिच्या जिभेवरची शेवटची थट्टा. चांगली होती.

२२ मार्च, शनिवार

बाई शेवटून फोन करत आहेत, मी पहिल्यापासून. क्रमांक दोनपासून. आज एकोणीस झाले.

सुरुवात मी स्वतःच्या नावाने करतो. सगळ्यांत सोपा भाग वाटला होता तो, सगळ्यांत कठीण आहे. क्रमांक आठ म्हणाले, "वा, तुम्ही स्वतः! कधी येतंय औषध?" मी सांगितलं, येत नाही. उंदरांवर झालंय, माणसांवर नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी करा, उद्या करा. ते म्हणाले, "पण तुम्हीच लिहिलं होतंत." हे वाक्य आज बारा जणांनी म्हटलं. मी प्रत्येकाला 'हो' म्हटलं.

क्रमांक सहाने मला अर्ध्या तासाच्या शिव्या दिल्या. साध्या, समासाशिवाय. नेमक्या होत्या.

क्रमांक अकराला एका बाईने फोन उचलला. म्हणाली, "त्यांचं आटोपलं, जानेवारीत. नंबर खोडून टाका." मी म्हटलं, मला बोलायचं होतं. ती म्हणाली, "आता कशाला?" आणि ठेवला. मी खोडलं नाही.

२३ मार्च, रविवार

पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात. मथळा: 'वाट पाहू नका'. मजकूर:

'तोंडाच्या कर्करोगावरचा जनुकीय उपचार आलेला नाही. तो फक्त अकरा उंदरांवर झाला आहे. आमच्या आठ डिसेंबरच्या लेखाने तो जवळ आल्याचे भासवले, ती चूक लेखकाची. ज्यांनी शस्त्रक्रिया थांबवली आहे त्यांनी आजच डॉक्टरांना भेटावे.'

खाली माझं नाव. मी आज छापून आलेलं वाचलं. दोनदा.

दवाखान्यात ताईच्या गळ्यात नळी, नाकात नळी, चेहरा सुजून दुप्पट. भाचीने तिला पांढरी पाटी आणि पेन दिलंय. मी अंक पुढे धरला. तिने वाचला, पेन घेतलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'लेखकाची नको. माझी लिही.'

कात्रीला सांगायला उशीर झाला होता. पण तेव्हापासून फोनवर तसंच म्हणतो.

११ एप्रिल, शुक्रवार

सत्त्याण्णव फोन झाले, बाईंचे धरून. बत्तीस जणांनी तारखा घेतल्या. नऊ जणांचं आटोपलेलं होतं. वहीतले उरलेले सोळा जण उचलत नाहीत, रोज लावतो.

ताई घरी आलीय. नव्या जिभेने काही आवाज काढते, त्यातले मला अजून कळत नाहीत, भाचीला कळतात. माझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जावा अशी अपेक्षा करणंही माझं आगाऊपण आहे. पण मी रोज संध्याकाळी जातो आणि ती दार उघडते.

आज प्रयोगशाळेतून फोन आला. ताईच्या गाठीचे तुकडे सहा बश्यांत ठेवून त्यांत ते जनुक सोडलं होतं. ताईच्याच लढणाऱ्या पेशी, तिच्याच गाठीशेजारी. दोन बश्यांत त्या जाग्या झाल्या. बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. म्हणाल्या, "लिहायचं नाही बरं का." मी म्हटलं, "फक्त एकीला सांगू?"

धावत गेलो. खरंच धावलो, या वयात, या गुडघ्यांनी. ताई खिडकीशी बसून पातळ पेज चमच्याने गिळत होती. मी दारातच म्हणालो, "ताई, जाग्या झाल्या! तुझ्या पेशी..."

तिने चमचा खाली ठेवला. तळहात वर केला, वडील करायचे तसा. मी थांबलो. ती पाटीवर लिहू लागली. पेन मंद चालतं तिचं. लिहिलं: 'पहिल्यापासून.'

मी दाराबाहेर गेलो, पुन्हा आत आलो. श्वास घेतला.

"काचेच्या बशीत," मी म्हणालो. "माणसात नाही. सहापैकी दोन. तुझ्या पेशी जाग्या झाल्या."

तिने मला नीट पाहून घेतलं. पाटीवरच्या त्याच शब्दावर पेनाने दोनदा टकटक केलं.

मी म्हणालो. बशीत. माणसात नाही. सहापैकी दोन.

पुन्हा टकटक.

तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला, पण एकही अक्षर मागेपुढे झालं नाही. ताईने पाटी पुसली आणि चमचा उचलला.